महानगराकडून उपनगराकडे : डेट्रॉईट लायन्सचे स्थलांतर आणि पाँटिॲकचे स्टेडियम (१९६३ ते २०१७)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महानगरांचे स्वरूप झपाट्याने पालटले. लोकवस्ती, कारखाने, बाजारपेठा आणि शाळा मध्यवर्ती शहरातून बाहेर पडून उपनगरांकडे सरकल्या. या स्थलांतराच्या अभ्यासात गृहबांधणी, महामार्ग व वंशभेद यांचा विचार विस्ताराने झालेला आहे. त्या मानाने क्रीडासंस्थांच्या स्थलांतराकडे कमी लक्ष गेले. वास्तविक व्यावसायिक फुटबॉल संघाचे स्टेडियम ही महानगराच्या अभिमानाची सर्वांत ठळक खूण होय. ही खूण नगराच्या सीमेबाहेर जाते तेव्हा तिच्यामागे कोणते हिशेब असतात आणि त्या हिशेबाची अंतिम बाकी कोणाच्या खात्यावर पडते, हा प्रश्न नागरी इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात डेट्रॉईट लायन्स या संघाने मिशिगन राज्यातील पाँटिॲक या नगरात नेलेल्या स्टेडियमच्या इतिहासाचा परामर्श घेतला आहे. येथे 'फुटबॉल' म्हणजे लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल होय. भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळाला अमेरिकेत 'सॉकर' अशी संज्ञा आहे. आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे आवश्यक आहे. नॅशनल फुटबॉल लीगमधील बहुतेक संघ ही खासगी मालमत्ता असते. संघाच्या नावात शहराचे नाव असले तरी त्यावर शहराचा कायदेशीर हक्क नसतो. नाव शहराचे आणि मालकी खासगी, या विसंगतीतच पुढील इतिहासाचे बीज दडलेले आहे.

डेट्रॉईटची पार्श्वभूमी

मोटार उद्योगाची राजधानी म्हणून डेट्रॉईटची ख्याती होती. १९५० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती. तेथून उतरण सुरू झाली. मोटार कंपन्यांनी नवे कारखाने शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर उभारले. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्यामुळे द्रुतगती रस्त्यांचे जाळे पसरले आणि शहरात न राहता शहरात काम करणे सुलभ झाले. गौरवर्णीय मध्यमवर्ग मोठ्या संख्येने उपनगरांत गेला. कृष्णवर्णीयांना मात्र गृहकर्जातील व घरविक्रीतील भेदभावामुळे तो मार्ग दीर्घकाळ बंद राहिला. जुलै १९६७ मधील भीषण दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली. १९७० मध्ये लोकसंख्या सुमारे १५ लाखांवर आली होती. दंगलीने स्थलांतर सुरू केले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण ते आधीच सुरू होते. दंगलीने त्याला गती दिली, एवढे निश्चित म्हणता येईल.

लायन्स संघ १९३४ मध्ये ओहायो राज्यातील पोर्ट्समथ येथून डेट्रॉईटला आला होता. १९३५, १९५२, १९५३ आणि १९५७ या वर्षी त्याने लीगचे अजिंक्यपद मिळविले. १९३४ पासूनच 'थँक्सगिव्हिंग' या सणाच्या दिवशी लायन्सचा सामना भरविण्याची प्रथा पडली आणि ती शहराच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनली. १९६३ च्या अखेरीस मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांनी संघाची संपूर्ण मालकी घेण्याचा व्यवहार केला.

भाडेकरू संघाची अडचण

१९३८ पासून लायन्सचे घरचे सामने जवळजवळ सर्व काळ शहरातील बेसबॉलच्या मैदानावर होत. १९१२ मध्ये उघडलेले हे मैदान १९६१ पासून टायगर स्टेडियम या नावाने ओळखले जाई. त्यावर टायगर्स या बेसबॉल संघाचा अंमल होता. लायन्स तेथे भाडेकरू होते. बेसबॉलसाठी आखलेल्या मैदानात फुटबॉलच्या प्रेक्षकांना अनेक जागांवरून खेळ नीट दिसत नसे. भोवती दाट वस्ती असल्यामुळे वाहनतळाला जागा नव्हती. उपनगरांत गेलेला प्रेक्षक आता मोटारीनेच येत होता.

या अडचणींपेक्षाही महत्त्वाचे कारण लीगच्या अर्थरचनेत होते. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यामुळे सर्व संघांना दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा मिळाली आणि ते उत्पन्न संघांत समान वाटले जाऊ लागले. तिकिटांच्या उत्पन्नातही पाहुण्या संघाचा वाटा असे. मात्र श्रीमंत ग्राहकांसाठी बांधलेल्या खासगी कक्षांचे उत्पन्न इतर संघांत वाटावे लागत नसे. त्यामुळे एका संघाला दुसऱ्यापेक्षा अधिक कमवावयाचे असेल, तर त्याचा प्रमुख मार्ग स्टेडियमच्या रचनेतून जात होता. नव्या स्टेडियमची मागणी ही केवळ मालकांची हौस नव्हती. लीगच्या नियमांनीच ती निर्माण केली होती.

याच काळात अन्यत्रही हाच प्रवाह दिसून येतो. डॅलस काउबॉइज १९७१ मध्ये आयर्विंग या उपनगरात गेले. त्याच वर्षी बॉस्टनचा पेट्रियट्स संघ फॉक्सबरो येथे स्थिरावला. बफेलो बिल्स १९७३ मध्ये ऑर्चर्ड पार्क येथे, तर न्यूयॉर्क जायंट्स १९७६ मध्ये शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेले. लायन्सचे स्थलांतर हा या मालिकेतील एक दुवा होता.

पाँटिॲकची योजना

पाँटिॲकला उपनगर म्हणणे भौगोलिकदृष्ट्या योग्य असले तरी ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे आहे. डेट्रॉईटपासून सुमारे ४० किलोमीटरवर वायव्येस वसलेले हे नगर ओकलंड काउंटीचे मुख्यालय होते आणि जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर पोसलेले स्वतंत्र औद्योगिक केंद्र होते. डेट्रॉईट नदीच्या काठापासून निघणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा प्रसिद्ध रस्ता पाँटिॲकपर्यंत जातो. ओकलंड काउंटीतील इतर उपनगरे समृद्ध होत असताना पाँटिॲकची स्थिती मात्र डेट्रॉईटच्या लहान आवृत्तीसारखी होती. १९७० मध्ये तेथील लोकसंख्या ८५,२७९ होती. शाळांतील वंशभेदावर न्यायालयाने बोट ठेवले आणि विद्यार्थ्यांना बसगाड्यांतून दुसऱ्या भागातील शाळांत नेण्याचा आदेश दिला. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, ३० ऑगस्ट १९७१ रोजी, नगरातील दहा शालेय बसगाड्या बॉम्बने उडविण्यात आल्या. या गुन्ह्यात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या सदस्यांचा हात असल्याचे पुढे सिद्ध झाले.

अशा नगराला नवी ओळख हवी होती. पाँटिॲकचेच रहिवासी असलेले वास्तुविशारद सी. डॉन डेव्हिडसन यांनी १९६० च्या दशकात नगराच्या पुनरुज्जीवनाचा विचार मांडताना स्टेडियमची कल्पना पुढे आणली. मूळ योजना लायन्स व टायगर्स या दोन्ही संघांसाठी जोड-स्टेडियम बांधण्याची होती आणि त्यावर सरकते छप्पर असणार होते. टायगर्सकडून होकार आला नाही आणि खर्चही परवडण्यासारखा नव्हता. त्यामुळे योजना फुटबॉलपुरती आटोपशीर करण्यात आली.

डेट्रॉईट शहराचे धुरीणही स्वस्थ नव्हते. नदीकाठी छत असलेले स्टेडियम बांधण्याचा प्रस्ताव तेथे चर्चेत होता. परंतु या स्टेडियमसाठी वेन काउंटीने काढावयाचे रोखे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये अवैध ठरविले. कागदोपत्री हे रोखे स्टेडियमच्या उत्पन्नातून फिटणार होते, पण प्रत्यक्षात त्यांचा भार करदात्यांवर पडणार होता. करदात्यांचा कौल न घेता असे कर्ज काढता येणार नाही, हा या निर्णयाचा आशय होता. तोवर लायन्सने पाँटिॲकचा पर्याय स्वीकारला होता.

या प्रसंगातील एक विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे. विल्यम क्ले फोर्ड यांचे वडीलबंधू हेन्री फोर्ड दुसरे यांनी १९७१ मध्ये त्याच नदीकाठी 'रेनेसान्स सेंटर' या भव्य इमारतसमूहाची घोषणा केली. शहराच्या मध्यभागाला नवजीवन देणे हा त्यामागील हेतू होता. एकाच घराण्यातील थोरला बंधू शहरात भांडवल आणत होता आणि धाकटा शहराचा संघ बाहेर नेत होता. दोघांचेही निर्णय आपापल्या परीने सुसंगत होते. इमारतींना शहराच्या प्रतिष्ठेची गरज होती, तर संघाला प्रेक्षक जेथे राहत होते त्या दिशेची.

हवेवर तोललेले छत

सप्टेंबर १९७३ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. महामार्गालगतच्या १२७ एकर जागेवर सुमारे ८० हजार आसनांचे स्टेडियम उभे राहिले. खर्च ५ कोटी ५७ लाख डॉलर झाला. हा पैसा मुख्यतः नगराने काढलेल्या रोख्यांतून उभारण्यात आला आणि कर्जफेडीस राज्यशासनाचेही साहाय्य मिळाले. संघाचा मालक हा स्टेडियमचा मालक नव्हता. टायगर स्टेडियममध्ये भाडेकरू असलेला संघ पाँटिॲकमध्येही भाडेकरूच राहिला. फरक एवढाच की आता घरमालक एक नगर होते.

स्टेडियमचे छत स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने अभिनव होते. अभियंता डेव्हिड गायगर यांनी १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनासाठी हवेच्या दाबावर तोललेले छत रचले होते. तेच तंत्र येथे फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड पोलादी दोरांच्या जाळ्यात बसवून सुमारे दहा एकर क्षेत्रावर अंथरले होते. आतील हवेचा दाब पंख्यांच्या साहाय्याने बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवला की छत फुग्यासारखे वर तोलले जाई. दाब टिकून राहावा म्हणून ये-जा करण्यास फिरते दरवाजे होते. खांबांचा अडथळा नाही आणि खर्चही पक्क्या घुमटापेक्षा पुष्कळ कमी, हा त्याचा लाभ होता. मात्र असे छत केवळ बांधून भागत नाही, ते रोज तोलून धरावे लागते. पंखे, ऊब व देखरेख यांचा खर्च सामना असो वा नसो चालूच राहतो. ४ मार्च १९८५ रोजी ओल्या बर्फाच्या भाराने छत फाटून खाली आले, तेव्हा ही मर्यादा सर्वांच्या लक्षात आली.

ऑगस्ट १९७५ मध्ये स्टेडियम खुले झाले. आरंभी त्याचे नाव पाँटिॲक मेट्रोपॉलिटन स्टेडियम असे होते. चंदेरी छतामुळे पुढे 'सिल्व्हरडोम' हे नाव रूढ झाले. त्याच वर्षापासून थँक्सगिव्हिंगचा सामनाही पाँटिॲकला होऊ लागला. सणाची मिरवणूक डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर निघे आणि खेळ त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या नगरात होई.

वैभव आणि हिशेब

पुढील दोन दशके सिल्व्हरडोमच्या वैभवाची होती. २४ जानेवारी १९८२ रोजी येथे 'सुपर बोल' हा लीगचा अंतिम सामना झाला. थंडीच्या प्रदेशातील नगराला हा मान प्रथमच मिळाला होता. हिमवर्षाव व वाहतुकीची कोंडी असूनही ८१ हजारांवर प्रेक्षक उपस्थित होते. डेट्रॉईट पिस्टन्स हा बास्केटबॉल संघ १९७८ ते १९८८ या काळात येथेच खेळला. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांची प्रार्थनासभा येथे झाली. १९९४ च्या विश्वचषक सॉकर स्पर्धेतील चार सामने येथे झाले. त्यासाठी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाहेर षट्कोनी साच्यांत हिरवळ वाढविली आणि ती आत आणून जोडली. विश्वचषकाच्या इतिहासात छताखाली सामने होण्याची ही पहिलीच वेळ होती.

या वैभवाचा नगराच्या अर्थजीवनावर कितपत परिणाम झाला, हे पाहताना फुटबॉलच्या वेळापत्रकाकडे लक्ष द्यावे लागते. १९७५ मध्ये प्रत्येक संघ नियमित हंगामात १४ सामने खेळे. त्यांपैकी निम्मे घरच्या मैदानावर होत. १९७८ पासून ही संख्या १६ झाली. म्हणजे सरावसामने सोडल्यास ज्या संघासाठी हे स्टेडियम बांधले गेले, तो संघ वर्षातून सात किंवा आठच दिवस तेथे खेळत होता. उरलेल्या दिवसांसाठी अन्य कार्यक्रम शोधावे लागत. योजनाकारांनी ८० हजार आसने मोजली. वर्षाचे दिवस मात्र त्या काळजीने मोजले गेले नाहीत.

दुसरी गोष्ट जागेसंबंधीची आहे. स्टेडियम नगराच्या जुन्या बाजारपेठेत नव्हते. ते पूर्वेच्या कडेला, महामार्गाच्या जवळ होते. प्रेक्षक महामार्गावरून उतरून थेट वाहनतळावर येई आणि सामना संपताच त्याच वाटेने परत जाई. उपनगरातील स्टेडियमचा जो प्रमुख गुण, म्हणजे मोटारीने येण्या-जाण्याची सोय, तोच स्थानिक व्यापाराच्या मुळावर आला. पायी चालत जाणारा प्रेक्षक वाटेत खानावळीत शिरतो, दुकानात डोकावतो. मोटारीतील प्रेक्षकाची वाट दुकानांवरून जात नाही.

तिसरी गोष्ट नगरसीमेची आहे. जुलै १९७४ मध्ये, स्टेडियमचे बांधकाम चालू असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. डेट्रॉईटच्या शाळांतील वंशभेद दूर करण्यासाठी, दोष सिद्ध झाल्याशिवाय, उपनगरांच्या शाळांना त्या योजनेत ओढता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. शिक्षण व करआकारणीच्या बाबतीत नगरसीमा भिंतीसारखी उभी राहिली. करमणुकीच्या बाबतीत मात्र ती अस्तित्वातच नव्हती. संपूर्ण महानगर प्रदेशातून प्रेक्षक येत, पण कर्जाची हमी एकट्या पाँटिॲकची होती. शेजारच्या समृद्ध गावांतील रहिवाशांनी खेळाचा आनंद घेतला. त्याचे ओझे मात्र त्यांच्या मालमत्ता करावर पडले नाही.

परतीचा प्रवास

१९८८ मध्ये पिस्टन्स संघ शेजारच्या ऑबर्न हिल्स येथील स्वतंत्र इमारतीत गेला. सिल्व्हरडोमचा एक मोठा भाडेकरू कमी झाला. १९९० च्या दशकात क्रीडा-अर्थकारणाची दिशा पुन्हा बदलली. नव्या पिढीच्या स्टेडियममध्ये खासगी कक्ष, उपाहारगृहे आणि जाहिरातींचे हक्क यांचे महत्त्व वाढले. ज्या कारणांसाठी १९७० च्या दशकात टायगर स्टेडियम अपुरे वाटले होते, त्याच जातीच्या कारणांसाठी आता सिल्व्हरडोम अपुरे वाटू लागले. मधल्या काळात अनेक शहरांनी मध्यभागाच्या पुनर्रचनेसाठी क्रीडांगणांचा आधार घेण्यास आरंभ केला होता.

१९९६ मध्ये लायन्सने डेट्रॉईटला परतण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षी वेन काउंटीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठी कर लावण्यास संमती दिली. फोर्ड फील्ड हे नवे स्टेडियम २००२ मध्ये सुरू झाले. शहरातील हडसन्स या जुन्या पेढीच्या गोदामाची इमारत त्याच्या रचनेत सामावून घेण्यात आली. ६ जानेवारी २००२ रोजी लायन्स सिल्व्हरडोममधील आपला अखेरचा सामना खेळले. संघाचा पाँटिॲकमधील मुक्काम सत्तावीस हंगामांचा ठरला.

ओस पडलेली वास्तू

मुख्य भाडेकरू गेल्यानंतर पाँटिॲककडे एक प्रचंड रिकामी वास्तू उरली. नगराचा मूळ आधार असलेला मोटार उद्योगही खचत होता. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि पाँटिॲकमधील तिचा ट्रक जोडणीचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला. राज्यशासनाने नगराच्या कारभारावर आपत्कालीन वित्त व्यवस्थापक नेमला. नोव्हेंबर २००९ मध्ये सिल्व्हरडोमचा लिलाव झाला. ५ कोटी ५७ लाख डॉलर खर्चून बांधलेली वास्तू १२७ एकर जमिनीसह ५ लाख ८३ हजार डॉलरना विकली गेली. कॅनडातील एका कंपनीने ती घेतली. २०११ मध्ये नगराचे स्वतःचे पोलीस दलही मोडून ते काम काउंटीच्या शेरीफकडे सोपविण्यात आले.

पाँटिॲकच्या आर्थिक अवनतीचे खापर स्टेडियमवर फोडणे अन्यायाचे होईल. कारखाने बंद पडणे हे त्याचे मूळ कारण होते. परंतु नगराला संकटात आधार देईल अशी जी ठेव मानली गेली होती, ती संकटाच्या वेळी ओझे ठरली, हे नाकारता येत नाही.

नव्या मालकांनी काही काळ सॉकरचे सामने व अन्य कार्यक्रम घेतले. जानेवारी २०१३ मध्ये छत कोसळून फाटले आणि ते पुन्हा उभारले गेले नाही. २०१४ मध्ये आसनांसह आतील वस्तूंचा लिलाव झाला. पुढे तेथील वाहनतळावर फोक्सवॅगन कंपनीने परत घेतलेल्या डिझेल मोटारी रांगेने उभ्या करून ठेवल्या होत्या. ३ डिसेंबर २०१७ रोजी सुरुंग लावूनही वास्तू पडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केल्यावर वरचा मजला कोसळला. त्या जागेवर ॲमेझॉन कंपनीचे वितरण केंद्र २०२१ मध्ये सुरू झाले. ज्या महामार्गासाठी स्टेडियमला ही जागा निवडली होती, त्याच महामार्गासाठी गोदामानेही ती निवडली. ऑबर्न हिल्सचाही अनुभव वेगळा नाही. पिस्टन्स २०१७ मध्ये डेट्रॉईटला परतले आणि तेथील रिकामी इमारत २०२० मध्ये पाडण्यात आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लायन्सचे स्थलांतर केवळ १९६७ च्या दंगलीच्या भीतीने घडले असे मानता येत नाही. महामार्ग, प्रेक्षकांचे उपनगरांतील वास्तव्य आणि लीगची उत्पन्नवाटपाची पद्धत या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. तीच उत्पन्नपद्धत पुढे संघाच्या परतीलाही कारणीभूत ठरली.

२) 'उपनगर' ही संज्ञा सरसकट समृद्धीची निदर्शक मानणे चुकीचे आहे. समृद्ध काउंटीतील एका गरीब औद्योगिक नगराने महानगर प्रदेशाच्या करमणुकीचा आर्थिक भार स्वीकारला. लाभाची सीमा आणि जबाबदारीची सीमा एकमेकींशी जुळल्या नाहीत.

३) संघ, वास्तू आणि नगर यांचे कालमान निरनिराळे असते. संघ भाडेकरारापुरता बांधील असतो. वास्तू तिच्या दुरुस्तीचा खर्च परवडेपर्यंत टिकते. नगराला मात्र आपली जागा सोडून कोठेही जाता येत नाही. पाँटिॲकच्या योजनेत या तीन कालमानांचा एकत्र विचार झालेला दिसत नाही.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. शिकागो बेअर्स या संघाने आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरातील जुन्या घोडशर्यतीच्या मैदानाची ३२६ एकर जमीन २०२३ मध्ये विकत घेतली आणि उपनगरातील नव्या स्टेडियमची चर्चा पुन्हा सुरू झाली. पाँटिॲकपेक्षा येथे एक महत्त्वाचा फरक आहे. येथे जमीन संघाने स्वतःच्या नावे घेतली, नगराच्या नावे नव्हे. तथापि रस्ते, सुविधा व मालमत्ता कर यांचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न तेथेही वादाच्या केंद्रस्थानी आला. स्टेडियमचे नकाशे समोर ठेवले जातात तेव्हा त्यांत आसने, कक्ष आणि वाहनतळ रेखलेले असतात. संघ निघून गेल्यानंतरचे वर्ष त्या नकाशात नसते. पाँटिॲकच्या इतिहासाने ते वर्ष नोंदवून ठेवले आहे, आणि नगरनियोजनाच्या अभ्यासकास त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.